हरलो, आणि मला काय झालं नाय

भावजी,

भेटायला येणारी माणसं फाटकातूनच आवाज खाली आणतात. चपला काढतात, पाणी घेतात, तुमच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "वाईट झालं. वय तरी काय होतं." मी मान हलवते. दुसरं काय करणार? पण दर वेळी मनात येतं, या माणसांना हाताला धरून बाहेर मैदानावर न्यावं आणि सांगावं, अहो, जरा मोठ्याने बोला. हा माणूस हरून गेलेला नाही. ह्याने जे जिंकलं ते फार थोड्यांना जमतं.

मग मी चहा ठेवायला आत जाते.

म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे. या घरात मी सगळ्यात जास्त वाद घातला तो तुमच्याशी. ह्यांच्याशी, म्हणजे तुमच्या दादांशी, वाद घालण्यात काही मजा नाही. दोन वाक्यं झाली की हे उठून वाडीत जातात आणि चिकूच्या झाडांशी बोलत बसतात. तुम्ही मात्र मांडी घालून बसायचात. ताट उचललं जायचं, खरकटं निघायचं, तरी तुमचा मुद्दा संपायचा नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. वैतरणेकडची, कबड्डी खेळणारी सून म्हणून गावात माझी आधीच चर्चा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "वहिनी, तुमची पकड कसली? घोट्याची का मांडीची?" नव्या नवरीपुढे मांडी हा शब्द ऐकून आई चुलीपुढून ताडकन उठल्या होत्या. मी पदर सावरून म्हटलं, "घोट्याची. एकदा धरला की सोडत नाही." तुम्ही काय खुश झालात! त्या दिवसापासून मला या घरात एक माणूस मिळाला.

तेव्हा तुम्ही टेनिस बॉलच्या स्पर्धांमधून फिरकी टाकायचात आणि टीव्हीवर तुमचा एक लाडका संघ होता. तो हरला की तुम्ही जेवायचा नाहीत. जिंकला की शेजारच्या अंगणात जाऊन ओरडायचात, आणि शेजारचे म्हातारे अण्णा काठी घेऊन बाहेर यायचे. वेडेपणाच होता तो. पण शहाणा वेडेपणा, हे मला फार नंतर कळलं.

बोईसरच्या कंपनीने तुम्ही नोकरी करत होता ती लॅब बंद केली त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तुम्ही पान वाढायच्या आधीच सांगून टाकलंत.

"मी आता दुसरी नोकरी बघणार नाय. मॅचचं जे करतो ना, तेच पूर्ण वेळ करणार."

आईंनी विचारलं, "तेच म्हंजे काय?"

"अभ्यास, आई. कुठला संघ कुठल्या मैदानावर कसा खेळतो त्याचा अभ्यास. त्याच्यावर पैसे लावायचे."

"जुगार म्हण," हे म्हणाले.

"दादा, तुझी वाडी म्हंजे काय हाय? पाऊस, वारा, बाजारभाव. तू पण लावतोसच की. फरक एवढाच, तुझा निकाल हंगामाला लागतो नि माझा संध्याकाळी."

हे पाटावरून उठून वाडीत गेले. आणि मला, भावजी, खरं सांगते, तुमच्या त्या बोलण्याला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. पुढे वर्षानुवर्षं, माझा मुद्दा वर आला की तुम्ही भुवई उडवून विचारायचात, "वाडीचं काय मग, वहिनी?" आणि मी अडायची.

उत्तर मला परवा सुचलं. तुमच्या तेराव्याचा भोपळा चिरताना. एखाद्या वर्षी बहर गळून जातो, हे खरं. पण झाड राहतं. त्याच्या सावलीत बसता येतं, त्याला झोका बांधता येतो, पुढच्या वर्षी ते पुन्हा प्रयत्न करतं. तुमचा सामना संपला की मागे काय राहायचं? तर पुढचा सामना. मी सुरी खाली ठेवली आणि तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं. मग आठवलं. तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे: "नारळाच्या झाडाखाली बसून दाखवा, वहिनी." हा वाद आता असाच राहणार.

सुरुवातीला तुमचं खरंच चाललं. आईंच्या जुन्या पलंगाच्या जागी नवा आला. मी कबड्डी शिकवते त्या गावच्या पोरींच्या संघाला तुम्ही एकसारखे टी-शर्ट आणलेत. गावातली माणसं वाटेत थांबवून विचारायची, आज कोण? तुम्ही मान तिरकी करून सांगायचात, आणि पुष्कळदा तसंच व्हायचं. तुमचं डोकं तल्लख होतं, हे मी तेव्हाही मानत होते. नुसतं नशीब असतं तर एवढं चाललं नसतं, असं तुम्ही अगदी शेवटपर्यंत म्हणत राहिलात. असेल. मला काय ते अजून ठरवता आलेलं नाही.

पण तुमचं शरीर मला वेगळंच सांगत होतं. तुमचा भात ताटात गार व्हायचा. बोलता बोलता वाक्य मध्येच सुटायचं आणि डोळे शर्टाच्या खिशाकडे जायचे, कारण तिथे फोन. झोपेत दात खाऊन खाऊन एक दाढ तुम्ही चक्क फोडलीत. गणपतीच्या आरतीत सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात आणि तुमच्या एकट्याच्या भलतीकडे. जगात कुठे ना कुठे सामना चालूच असायचा. ज्या देशांची नावं मला नकाशावर सापडणार नाहीत तिथल्या पोरांनी चेंडू कसा टाकला, यावर आपल्या घरातला चहा गोड लागायचा की कडू.

आणि एके दिवशी मला जाणवलं, तुमचा तो लाडका संघ आता राहिलाच नव्हता. तो खेळत असताना मी सहज विचारलं, "आज तुमचे आहेत ना?" तुम्ही म्हणालात, "माझे कोणी नाय, वहिनी. आज पैसे यांच्या विरुद्ध हायत." अगदी सहज म्हणालात. मी भांडी घासत होते, माझा हात थांबला. ज्या माणसासाठी अण्णा काठी घेऊन बाहेर यायचे त्या माणसाला आता कोणाच्या जिंकण्याने ओरडावंसंच वाटत नव्हतं.

ताण येतो हे तुम्ही नाकारत नव्हता. उलट तो कमी करायला तुम्ही जेवढं केलंत तेवढं कोणी केलं नसेल. सकाळी उठून आपल्या दांडीच्या किनाऱ्यावर चालायला जायचात. तिथल्या बायका वाळत घातलेल्या बोंबलांमागून हाक मारायच्या, "काय रं दादा, बोंबील न्यायचे हायत का नाय?" आणि तुम्ही फोनमध्ये मान घालून तसेच पुढे. मग प्राणायाम सुरू केलात. डोळे मिटलेले, पाठ ताठ, आणि मांडीवर उजळलेला फोन. मग सोमवारचा उपास, खाण्याचा नाही, सामन्यांचा. दुपार होईपर्यंत तुमचा चेहरा ताप आल्यासारखा व्हायचा. लावायचे नियम केलेत, ते नियम मोडल्याबद्दल स्वतःला शिक्षा केल्यात.

मी म्हटलं, "भावजी, विंचू खिशात ठेवून पाठीला तेल लावून घेताय तुम्ही."

तुम्ही चिडलात. "ताण कुठल्या कामात नाय? तुमच्या पोरींना मैदानात उतरताना पोटात गोळा येत नाय?"

"येतो. पण खेळ संपल्याची शिट्टी वाजली की जातो."

तुम्ही ओटीवरच्या खांबाला टेकून बसलात. मग हळू म्हणालात, "माझ्याकडं ती शिट्टीच नाय, वहिनी."

त्या वादात तेवढा एकच मुद्दा तुम्ही मला दिलात. मला तो नको होता.

पुढची ती दुपार. आपण अंगणात चिकू निवडत बसलो होतो, मोठे एकीकडे, दबलेले एकीकडे. तुमच्या हातातला चिकू खाली पडला. तुम्ही म्हणालात, "हाताला काय कळत नाय माझ्या." ओठ पांढरे, कपाळावर घाम, छाती धरलेली. ह्यांनी चिकूच्या टेम्पोतले क्रेट अक्षरशः रस्त्यावर फेकले, तुम्हाला आत घातलं आणि बोईसरच्या दवाखान्यात नेलं. आई वाटभर तुमच्या तळव्यांना तळवे घासत होत्या. तुम्ही एकच म्हणत होता, "मी चाललो. मी चाललो."

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. ही भीती आहे. शरीर घाबरून गेलंय. कामाचा फार ताण आहे का? काय करता तुम्ही?"

मला वाटलं तुम्ही म्हणाल, धंदा. बाहेर तेच सांगायचात. तुम्ही छताकडे बघत होता. मग म्हणालात, "मॅचवर पैसे लावतो, डॉक्टर. घर त्याच्यावर चालवतो. मला आता झोप येत नाय, भूक लागत नाय, नि थांबता पण येत नाय."

आई तिथेच होत्या. "अभ्यास" हा शब्द तुम्ही त्या दिवशी वापरला नाहीत. तुम्ही पुढे पुष्कळ काही जिंकलात, पण मी मोजायला तिथून सुरुवात करते.

बाईंनी पालघरच्या एका समुपदेशकांकडे पाठवलं. पहिल्यांदा तुम्ही मला बरोबर नेलंत. मी बाहेर बाकावर बसले, तुम्ही आत. परत येताना एसटीत खिडकीशी बसलात. बेटेगाव मागे पडल्यावर एकदम म्हणालात, "त्यांनी विचारलं, जिंकल्यावर काय वाटतं. मी सांगायला गेलो, आनंद. नि तो शब्द तोंडातून येईना. वहिनी, मला जिंकल्यावर कधी आनंद झालाच नाय. सुटलो, एवढंच वाटायचं. पकडीतून सुटून मधली रेघ शिवली ना, तसं. नि लगेच पुढची चढाई."

एसटी खडखडत होती. कंडक्टर सुट्ट्यांवरून कोणाशी तरी भांडत होता. मी बोलले असते तर रडले असते, आणि कबड्डी खेळणाऱ्या बाईने एसटीत रडू नये.

तुम्ही सोडलंत ते एका साध्या सकाळी. फोनमधलं सगळं काढून टाकलंत, ज्यांच्यामार्फत लावत होता त्यांना कळवलंत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट हे म्हणाले, "बघू किती टिकतं." आणि पावसाळ्यात तो निश्चय एकदा मोडलाही. कोणी पकडलं नव्हतं तुम्हाला, कोणाला कळलंही नसतं. पण जेवायला बसल्यावर तुम्ही मान वर करून सांगितलंत, "मी काल परत लावले. आज बंद." आईंनी तुमच्या पानात डावभर भात घातला, त्यावर आमटी ओतली आणि म्हणाल्या, "सांगितलास ना? मंग खा आता." ह्यांनी पापडाची ताटली तुमच्याकडे सरकवली. मला वाटतं, तुमच्या दादांनी तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवायला सुरुवात केली ती तिथे.

एका दुसऱ्या कंपनीत तुम्हाला काम मिळालं, आधीच्यापेक्षा खालचं. तुम्ही कुरकुर केली नाहीत. दिवस निघून जायचा. अडचण संध्याकाळची होती. सामने सुरू व्हायची वेळ झाली की तुम्ही घरभर फिरायचात, पिंजऱ्यात घातल्यासारखे. तेव्हा मी म्हटलं, "मैदानावर पाणी मारायला माणूस नाही. माती उडते, पोरींच्या डोळ्यात जाते. याल का?"

आता एक गोष्ट सांगते जी मी तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या वर्षी मी मैदान बंद करायच्या विचारात होते. पोरी कमी होत चालल्या होत्या. एकीचं लग्न ठरायचं, एकीला घरचे पाठवायचे नाहीत, एकीकडे चप्पल-बूट घ्यायला पैसे नसायचे. मी दमले होते. तुम्हाला बोलावलं ते तुमच्यासाठी, असं सगळे समजतात. तुम्हीही तसंच समजत गेलात. अर्धं खरं आहे ते. तुम्ही नळी घेऊन माती भिजवायला आलात, मग पोरींच्या घरी जाऊन त्यांच्या बापांशी बोललात, टेम्पो चालवलात, आणि ते मैदान तुमच्यामुळे राहिलं. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. पण आपल्यात वाद घालायची सवय होती, आभार मानायची नव्हती.

सुरुवातीला तुमचं डोकं थांबायचं नाही. सराव बघतानाही तुम्ही हिशेब मांडायचात, कोण बाद होणार, कोण निसटणार. मग हळूहळू तुमचं लक्ष पायांवर गेलं. आपल्या कर्णधाराला, प्रज्ञाला, तुम्ही म्हणालात, "पोरी, बोनसचा गुण घ्यायच्या आधी तू डोळ्यांनी सांगतेस." ती म्हणाली, "काका, डोळे काढून ठेवू का मंग?" सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात. आणि मी लक्षपूर्वक पाहिलं, तुमचा हात खिशाकडे गेला नव्हता.

मग ती पालघरची स्पर्धा.

तुम्ही म्हणायचात ते खरं, आपण अंतिम फेरीत जाऊ असं तुम्हालाही वाटलं नव्हतं. समोरचा संघ आपल्याहून वजनाने भारी, अनुभवाने जुना. सामन्याआधी तुमच्या जुन्या ओळखीतला एक माणूस मंडपाच्या कडेला आला. इथेही पैसे लागत होते म्हणे. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, तुम्ही तर आतले. कोण मारणार? एकदा सांगा."

मी पाण्याच्या पिंपाजवळ उभी होते. मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, भावजी. आपण हरणार, हे तुमच्या डोक्याने केव्हाच मांडून ठेवलं होतं. तुमच्या कानशिलावरची ती शीर उडायला लागली, जी मी वर्षानुवर्षं ताटावर बघितली होती. मग तुम्ही त्याचा हात खांद्यावरून काढलात. "मी इथं नुसता बघायला आलोय," म्हणालात. सरळ माझ्याकडे आलात आणि फोन माझ्या हातात दिलात. तुमचे तळवे घामाने भिजले होते.

प्रज्ञाने ते पाहिलं. गुडघ्याला पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "काका, तुमी टेन्शन नका घेऊ. खेळायचं आमाला हाय ना?"

इतक्या वर्षांचा प्राणायाम एकीकडे आणि त्या पोरीचं ते वाक्य एकीकडे. तुम्ही तिच्याकडे असे बघत राहिलात, जणू कोणीतरी तुमच्या डोक्यावरची जड पाटी उतरवून खाली ठेवली.

आणि मग काय खेळल्या त्या! पहिल्या डावात आपल्या सगळ्या बाद होऊन लोण बसला, मला वाटलं संपलं. दुसऱ्या डावात आपल्या छोट्या करुणाने त्यांच्या सगळ्यात भारी मुलीचा घोटा धरला आणि फरफटत गेली, पण सोडला नाही. तुम्ही खुर्चीवर उभे राहिलात. कोणीतरी मागून ओरडलं, "बसा हो!" तुम्ही नाही बसलात. "सोडू नको! सोडू नको गं!" तुमचा तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला, अण्णांना काठी घेऊन बाहेर काढणारा. शेवटच्या चढाईपर्यंत सामना बरोबरीत आणला आपल्या पोरींनी. शेवटची चढाई समोरच्यांची होती. त्यांच्या मुलीने एक हात लांब केला, आपल्या कोपऱ्यातल्या पोरीला शिवली आणि परत गेली. शिट्टी वाजली. एका गुणाने हरलो.

पोरी मातीवर बसून रडायला लागल्या. मी मात्र तुमच्याकडे बघत होते. हरल्यावर तुमचं काय व्हायचं ते मी पाहिलं होतं. पांढरे ओठ, गार हात. मी धावतच आले. तुमचं तोंड ओलं होतं, नाक लाल, आणि तुम्ही हसत होता. माझे दोन्ही दंड धरून तुम्ही ओरडलात,

"वहिनी, हरलो! हरलो, आणि मला काय झालं नाय!"

भोवतालच्या माणसांना वाटलं, याला उन्हाने चक्कर आली. प्रज्ञा तरातरा आली, डोळे पुसत, भयंकर संतापलेली. "काका, आमी हरलो नि तुमी हसताय?" तुम्हाला तिला समजावता येईना. तुम्ही नुसते हातवारे करत राहिलात. मग सगळ्यांना बर्फाचा गोळा खायला नेलंत, आणि स्वतः उसळ-पाव असा खाल्लात की गाडीवाला म्हणाला, "सावकाश, भाऊ, कोणी घेऊन जात नाय." मी बाजूला उभी राहून तुम्हाला खाताना बघत होते. भूक लागलेला माणूस किती सुंदर दिसतो, भावजी.

पुढल्या वर्षी आपण तीच स्पर्धा जिंकलो. ढोल लावले, टेम्पोला फुलं बांधली, अख्खा गाव नाचला. पण खरं सांगू? तो दिवस मला नीट आठवतसुद्धा नाही. हरलो तो दिवस अगदी चवीसकट आठवतो.

मग आजार आला. यकृताचा, तोही उशिरा कळलेला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी कागद पुढे घेतले, चष्मा काढला आणि बोलायला सुरुवात केली, "अशा केसमध्ये शक्यता साधारणपणे..." तुम्ही हात वर केलात. मैदानात पंच करतात तसा.

"डॉक्टर, शक्यता नका सांगू. ते मी सोडलंय. काय करायचं ते सांगा, मी करतो."

डॉक्टर गोंधळले. त्यांना कसं कळणार? ह्यांना मात्र कळलं. बाहेर पडल्यावर जिन्यात, इतक्या माणसांच्या येण्याजाण्यात, ह्यांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि तो खालपर्यंत काढला नाही.

तुम्हाला मैदानापर्यंत चालवेनासं झालं तेव्हा हे एक दिवस वाडीतून लवकर आले. आयुष्यात कधी कबड्डी बघितली नव्हती ह्यांनी, मी खेळत होते तेव्हासुद्धा नाही. चुन्याची पिशवी आणली, दोरी धरली, आणि आपल्या घरापुढच्या खळ्यात मैदान आखायला लागले. मधली रेघ वाकडी गेली. तुम्ही ओटीवरच्या खाटेवरून ओरडलात, "दादा, चिकूच्या ओळीसारखी मार, मग सरळ येईल!" ह्यांनी ती पुसून परत मारली. त्या दिवसापासून पोरी आपल्या दारात खेळल्या. आईंच्या तुळशीला दोनदा धक्का लागला, त्या काही बोलल्या नाहीत. तुमचा आवाज बारीक होत गेला, पण पकड ढिली पडली की तो यायचाच. आणि मध्येच कधी तुम्ही गाढ झोपून जायचात, पोरींच्या कबड्डी-कबड्डीच्या आवाजात, तोंड जरा उघडं टाकून. दात न खाता.

गेलात तेही सकाळी, असंच झोपेत. आईंनी तुमच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "निजू दे त्याला." मग त्यांना कळलं.

मी रडले नाही असं नाही. अजूनही मुद्दा सुचला की रडू येतं, कारण तो घ्यायला समोर कोणी नाही. पण भावजी, दुःखाच्या खाली काहीतरी आहे जे टणक आहे, आणि त्यावर पाय रोवून मी उभी राहू शकते.

काल रविवार. दुपारी फाटकात तिघं उभे होते, बोईसरला कंपन्यांत काम करणारे, बाहेरून आलेले. मला वाटलं तुमच्या खात्यातले असतील. पुढचा म्हणाला, "भाभी, मेरा नाम सुरेंदर है. भैया हर इतवार हमारे साथ बैठते थे." मला काही कळेना. रविवारी तुम्ही सांगायचात, बोईसरला जाऊन येतो. आम्हाला वाटायचं, काही सामान आणायला.

त्यांनी ओटीवर बसून सांगितलं. तिघंही तुमच्यासारखेच अडकलेले. पगार झाला की लावायचे, गावी पाठवायला काही राहायचं नाही, रात्रपाळीत यंत्रापुढे उभं राहून फोन बघायचे. तुम्ही त्यांना चहाच्या टपरीवर भेटलात आणि मग दर रविवारी भेटत राहिलात. उपदेश नाही, काही नाही. आजारपणातही, जाता येईपर्यंत जात होता. नंतर फोनवर. "हम पूछते थे, भैया, पता कैसे चलेगा कि हम ठीक हो गए?" सुरेंदर म्हणाला. "वो बोले, जिस दिन मैच देखते-देखते नींद आ जाए, उस दिन समझना जीत गए."

आई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना हिंदी अर्धंमुर्धं कळतं, पण हे तुमच्याबद्दल बोलतायत एवढं कळलं. त्या खाली बसल्या.

सुरेंदरने टोपी हातात चुरगळली. एवढा उंच, धिप्पाड माणूस, पण बोलताना लाजला.

"भाभी, भैया को बताना था, इसलिए आए. कल मैं सो गया. मैच चालू था, और मैं सो गया. सीधा सुबह उठा."

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा सगळा चेहरा उजळत गेला, आणि त्याच्या बरोबरचेही हसायला लागले.

"पता नहीं, भाभी," तो म्हणाला. "पता ही नहीं!"